नातवंडांचा श्वास मोजताना

संध्याकाळचे सात वाजून गेले आहेत. मुलगा आणि सून अजून कामावरून परतलेले नाहीत. दोन दिवस सर्दी-खोकल्याने बेजार झालेली दीड वर्षाची नात आपल्या शेजारी झोपली आहे. कपाळाला हात लावला, तर ताप उतरलेला आहे. तरीही तिच्या छातीची हालचाल आपल्याला नेहमीपेक्षा वेगळी भासते. आपण मुलाला फोन करतो. तो विचारतो, “आई, नेमके काय होते आहे तिला?” आणि आपल्यापाशी उत्तर एवढेच असते, “काय सांगू रे, बरे दिसत नाही तिचे.”

चार पोरे वाढवलेल्या आजीची ही शंका बहुधा खोटी नसते. परंतु शंकेला आकड्याचा आधार नसला, की ती बोलून दाखवताना आपणच कचरतो. “उगाच घाबरवले असे व्हायला नको” या विचाराने सकाळची वाट पाहिली जाते. लहान मुलांच्या श्वसनविकारात ही एक रात्र कधीकधी फार महाग पडते. म्हणूनच, नातवंडांची फुप्फुसे कशी काम करीत आहेत हे घरच्या घरी जोखण्याच्या काही साध्या रीती प्रत्येक आजी-आजोबांनी आणि मूल सांभाळणाऱ्या प्रत्येकाने शिकून ठेवाव्यात. त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या रीतीला सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि एक मिनिटाचा धीर, याखेरीज काहीही लागत नाही.

लहानग्यांचा श्वास निराळा का?

मूल म्हणजे प्रौढ माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. आपल्या फुप्फुसांत हवेच्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे वायुकोश, तीस कोटींच्या घरात असतात. नवजात बाळात त्यांची संख्या याच्या काही अंशच असते आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत ती झपाट्याने वाढते. बाळाच्या श्वासनलिका इतक्या अरुंद असतात, की आतून थोडीशी सूज आली वा कफ साठला, तरी हवेचा मार्ग बराच आकसतो. बरगड्याही मऊ आणि जवळजवळ आडव्या असल्यामुळे छाती फारशी फुलवता येत नाही. त्यामुळे बाळाच्या श्वासाचा मुख्य भार छाती आणि पोट यांमधल्या पडद्यावर, म्हणजे श्वासपटलावर असतो. तान्हे बाळ पोटाने श्वास घेताना दिसते, ते याच कारणाने. त्यात काळजीचे काही नाही.

आता यावरून पुढची गोष्ट लक्षात येईल. न्यूमोनियामध्ये फुप्फुसाचा काही भाग कडक होतो. पुरेशी हवा मिळण्यासाठी मोठ्या माणसाला श्वास खोल घेता येतो. बाळाला ते फारसे जमत नाही, म्हणून ते श्वासांची संख्या वाढवते. श्वासाची गती ही अशा प्रकारे आतल्या बिघाडाची सर्वांत आधी मिळणारी आणि डोळ्यांना दिसणारी खूण ठरते.

घड्याळ आणि एक मिनिट

मोजणी करताना मूल शांत असावे. झोपलेले असल्यास उत्तम. रडताना, दूध पिताना किंवा नुकतेच धावून आल्यावर मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. ताप असल्यास श्वास आपोआप वाढतो. अशा वेळी एकदा मोजून नोंद करावी आणि ताप उतरल्यावर पुन्हा मोजावे. मात्र मूल अस्वस्थ दिसत असेल, तर ताप उतरण्याची वाट पाहत बसू नये.

अंगावरचे पांघरूण बाजूला करावे, झबले किंचित वर सरकवावे आणि पुरेशा उजेडात पोट व छातीचा खालचा भाग दिसेल असे बसावे. पोट वर येऊन खाली गेले, की एक श्वास झाला. पूर्ण साठ सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा मोह टाळावा. लहान मुलांचा श्वास एकसारख्या लयीत नसतो, आणि पंधरा सेकंदांत झालेली एका श्वासाची चूक गुणाकारात चार श्वासांची होते. नवजात बाळे तर मध्येच काही सेकंद थांबून पुन्हा भरभर श्वास घेतात. असा छोटा विराम स्वाभाविक असतो. परंतु बाळाचा श्वास वीस सेकंद थांबला, किंवा विराम लहान असूनही बाळ निळसर अथवा निस्तेज पडले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

दृष्टी अधू असेल, तर बाळाच्या पोटावर हलक्या, गडद रंगाच्या हातरुमालाची घडी ठेवावी. तिचे वरखाली होणे स्पष्ट दिसते. घड्याळ आणि पोट या दोहोंकडे एकाच वेळी पाहणे जमत नसेल, तर आजोबांनी वेळ सांगावी आणि आजींनी श्वास मोजावेत. मोबाइलमध्ये एक मिनिटाची घंटा लावून ठेवली तरी चालते.

श्वास जलद केव्हा म्हणायचा, याच्या मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार ठरवून दिल्या आहेत. त्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घरात दिसेल अशा जागी लावाव्यात.

• दोन महिन्यांहून लहान बाळ : मिनिटाला ६० किंवा अधिक
• दोन महिने पूर्ण ते एक वर्षाच्या आत : मिनिटाला ५० किंवा अधिक
• एक वर्ष पूर्ण ते पाच वर्षांच्या आत : मिनिटाला ४० किंवा अधिक

दोन महिन्यांच्या आतील बाळाचा आकडा साठ वा अधिक आला, तर लगेच पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तसाच आला, तर रात्र असो वा पहाट, बाळाला रुग्णालयात न्यावे. खोकला असलेल्या मोठ्या बाळाचा आकडा मर्यादेवर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पाच वर्षांपुढील मूल शांत झोपेत मिनिटाला तीसहून अधिक श्वास घेत असेल, तर तेही दाखवण्याचे कारण समजावे.

एवढ्या साध्या मोजणीने काय साधते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ साली ५८ गावांत एक प्रयोग सुरू केला. गावातील आरोग्य कार्यकर्ते आणि दाया यांना मुलांचा श्वास पाहून व मोजून न्यूमोनिया ओळखण्यास आणि त्यावर प्रतिजैविक औषध देण्यास शिकवण्यात आले. अशा रीतीने उपचार झालेल्या ६१२ रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी राहिले. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक श्वासमापक तयार करण्यात आले. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा, अशी त्याची सोपी युक्ती होती. अक्षरओळख नसलेल्या बायांनी जे करून दाखवले, ते आपल्याला न जमण्याचे कारण नाही.

आकड्याच्या जोडीला डोळे आणि कान

मोजणी झाल्यावर लगेच उठू नये. आणखी मिनिटभर पुढील गोष्टी पाहाव्यात आणि ऐकाव्यात.

छाती : श्वास आत घेताना बरगड्यांचा खालचा भाग आत ओढला जातो का? निरोगी मुलात श्वास घेताना छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. पोट बाहेर येत असताना छातीचा खालचा भाग आत जात असेल, तर फुप्फुसांवर मोठा ताण आहे असे समजावे. ‘बाळाचे पोट उडते आहे’ असे जुनी माणसे म्हणतात, तेव्हा त्यांना पुष्कळदा हेच दिसलेले असते. गळ्याची खळगी आत जाणे, नाकपुड्या फेंदारणे आणि श्वासागणिक मान वरखाली होणे याही ताणाच्याच खुणा होत.

आवाज : नाक चोंदल्यामुळे होणारी घरघर बहुधा निरुपद्रवी असते. नाक मोकळे केले, की ती कमी होते. श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर छातीतल्या नलिका आकसल्या आहेत. मूल शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येणे आणि प्रत्येक श्वास सोडताना कण्हल्यासारखा हुंकार येणे, ही दोन्ही धोक्याची लक्षणे आहेत.

एकूण अवस्था : मूल दूध वा पाणी पिऊ शकत नाही, घेतलेले सारे उलटून टाकते, हाक मारली तरी नीट जागे होत नाही, झटके येतात, ओठ किंवा जीभ निळसर दिसते, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर पुढची मोजणी करत बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. छाती आत ओढली जात असली, तरीही हाच नियम.

येथे एक कळकळीची विनंती. श्वास लागलेल्या वा पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर चटके देण्याची प्रथा काही भागांत अजूनही आढळते. त्याने आजार हटत नाही, उलट भाजल्याची जखम वाढते आणि उपचाराचा वेळ हातचा जातो. घरातील ज्येष्ठांनी ठामपणे नको म्हटले, तर ही प्रथा त्या घरापुरती तरी नक्की थांबते.

खेळणाऱ्या मुलाची परीक्षा खेळातच

पाच-सहा वर्षांनंतर चित्र थोडे बदलते. या वयात फुप्फुसांचा त्रास अचानक उमटण्यापेक्षा हळूहळू जाणवतो, आणि तो टिपण्यासाठी दिवसभर घरी असणाऱ्या माणसाइतका चांगला निरीक्षक दुसरा नाही. सोबत्यांबरोबर धावताना नातू मध्येच थांबून गुडघ्यांवर हात टेकतो का? पूर्वी दोन मजले एका दमात चढणारी नात आता पहिल्या मजल्यावर बसते का? खूप हसल्यावर किंवा पळाल्यावर खोकल्याची उबळ येते का? पहाटे दोन-तीनच्या सुमारास कोरडा खोकला येऊन झोपमोड होते का? रात्रीचा खोकला आईवडिलांच्या लक्षात येतोच असे नाही, पण ज्यांची झोप सावध असते त्या आजी-आजोबांना तो ऐकू येतो. या चार प्रश्नांची उत्तरे दम्याच्या निदानात डॉक्टरांना फार मोलाची वाटतात.

एक छोटा खेळही करता येईल. मुलाला ताठ बसवून खोल श्वास घ्यायला सांगावे आणि मध्ये श्वास न घेता एकसारख्या गतीने मोठ्याने “एक, दोन, तीन…” म्हणायला लावावे. कितीपर्यंत पोचले ते लिहावे. मूल निरोगी असताना चार-पाच दिवस हा खेळ खेळला, की त्याचा नेहमीचा आकडा समजतो. आजारपणात तो बराच घसरला, तर श्वास अपुरा पडतो आहे हे कळते. मात्र शेजारच्या मुलाच्या आकड्याशी त्याची तुलना करू नये. आकडा चांगला आला म्हणून इतर लक्षणांकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही. आणि मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, तर खेळ बाजूला ठेवून सरळ रुग्णालयाची वाट धरावी.

भिरभिरे फिरवणे, साबणाचे फुगे उडवणे यांनी मुलांना जोराने फुंकण्याची सवय होते, आणि पुढील चाचण्यांसाठी ती उपयोगी पडते. जळती मेणबत्ती फुंकण्याची परीक्षा घेऊ नये. लहान मुलांच्या हाती रबरी फुगेही देऊ नयेत, कारण फुग्याचा तुकडा घशात अडकू शकतो.

दम्याच्या मुलासाठी पीक फ्लो मीटर

दमा असलेल्या मुलाच्या घरी डॉक्टर पुष्कळदा पीक फ्लो मीटर ठेवायला सांगतात. ही हातात मावणारी प्लॅस्टिकची नळी असते. जोराने फुंकले, की तिच्यावरील काटा पुढे सरकतो आणि हवा किती वेगाने बाहेर पडली हे मिनिटाला इतके लिटर अशा आकड्यात दिसते. हे उपकरण विजेशिवाय चालते. मुलांसाठी कमी मापाचे मीटर मिळते, तेच घ्यावे.

काटा शून्यावर आणावा. मुलाला उभे करावे. पूर्ण श्वास भरून घ्यायला सांगावे, नळी दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटायला लावावेत आणि एकाच जोरदार, झटक्याच्या फुंकरीने हवा सोडायला सांगावी. बोट काट्याच्या वाटेत येऊ देऊ नये, जीभ नळीच्या तोंडावर ठेवू देऊ नये. असे तीन वेळा करून सर्वांत मोठा आकडा लिहावा. तिन्हींची सरासरी काढायची नसते.

मूल बरे असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंद केली, की त्यातील सर्वोच्च आकडा हा त्याचा ‘स्वतःचा उत्तम आकडा’ ठरतो. पुढची सारी तुलना त्याच्याशीच करायची. समजा, तो २५० आहे. त्याच्या ८० टक्के म्हणजे २०० किंवा अधिक आकडा आला, तर हिरवा पट्टा; नेहमीचे औषध चालू ठेवावे. १२५ ते २०० यांच्या दरम्यान आला, तर पिवळा पट्टा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे औषध वाढवावे आणि त्यांना कळवावे. १२५ च्या खाली, म्हणजे ५० टक्क्यांहून कमी आला, तर लाल पट्टा. आराम देणारा पंप लगेच देऊन रुग्णालय गाठावे. मुलाची उंची वाढते तसा हा आकडाही वाढतो, म्हणून काही महिन्यांनी तो नव्याने ठरवून घ्यावा. मुलाने कंटाळून हलके फुंकले, तर आकडा खोटाच कमी येतो. त्यामुळे आकडा आणि मूल यांत विसंगती दिसली, तर मुलाकडे पाहून निर्णय घ्यावा.

बोटावरचे यंत्र

करोनाच्या काळापासून अनेक घरांत ऑक्सिमीटर आहे. रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९५ टक्के किंवा अधिक असणे हे सर्वसाधारणपणे ठीक असते. त्याहून कमी असल्यास डॉक्टरांना विचारावे आणि ९० च्या खाली गेल्यास क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. परंतु मोठ्या माणसांच्या बोटाचा चिमटा तान्ह्या बाळाच्या बोटावर नीट बसत नाही आणि भलताच आकडा दाखवतो. बाळांसाठी वेगळे, पायाला वा अंगठ्याला गुंडाळायचे यंत्र रुग्णालयात असते. मोठ्या मुलाचेही बोट गार असेल, नखाला रंग असेल किंवा हात हलत असेल, तर आकडा चुकतो. हात चोळून उबदार करावा आणि आकडा काही क्षण स्थिर राहिल्यावरच वाचावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मूल जोर लावून, भरभर श्वास घेऊन बराच वेळ ऑक्सिजन टिकवून धरते. त्यामुळे यंत्रावर ९७ दिसत असतानाही छाती आत ओढली जात असेल, तर छातीवर विश्वास ठेवावा, यंत्रावर नव्हे.

दवाखान्यातील चाचणी

गरज वाटल्यास डॉक्टर स्पायरोमेट्री सांगतात. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ साली ज्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याचेच हे आजचे संगणकीय रूप. खोल श्वास घेऊन नळीत जोराने आणि शेवटपर्यंत फुंकायचे असते. एकूण किती हवा बाहेर पडली आणि पहिल्या सेकंदात किती, हे त्यातून कळते. नलिका आकसल्या असतील, तर पहिल्या सेकंदाची हवा कमी भरते. मग पंपाने औषध देऊन पुन्हा चाचणी करतात. आकड्यात चांगली सुधारणा झाली, तर दम्याच्या निदानाला बळकटी मिळते. साधारण सहा वर्षांच्या मुलाला ही चाचणी जमते. त्याहून लहान मुलांसाठी काही मोठ्या रुग्णालयांत ऑसिलोमेट्री उपलब्ध असते. तिच्यात केवळ शांतपणे श्वास घेत राहायचे असते.

या चाचणीत सुई नसते, वेदना नसते. हे नातवाला आदल्या दिवशी समजावून सांगावे. “गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील” असा धाक कधी घालत असाल, तर तो आजच बंद करा. घाबरलेले मूल नीट फुंकत नाही. चाचणीपूर्वी कोणता पंप किती तास थांबवायचा हे डॉक्टरांनाच विचारावे, आपल्या मनाने औषध थांबवू नये. शस्त्रक्रियेनंतर आजोबांना मिळालेले तीन चेंडूंचे उपकरण श्वासाच्या व्यायामासाठी असते. त्यावरून नातवाच्या फुप्फुसांचा निवाडा करू नये.

एक वही, आणि एक फोन

शाळेची एक जुनी वही घ्यावी. तारीख, वेळ, श्वासांची संख्या, ताप, खोकला, खाणेपिणे आणि असल्यास पीक फ्लो, एवढेच रकाने पुरेत. मूल निरोगी असतानाही महिन्यातून एकदा झोपेतला श्वास मोजून ठेवावा. त्यामुळे आपला हात बसतो आणि त्या मुलाचा नेहमीचा आकडा हाताशी राहतो. डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्यावी. श्वासाचा आवाज किंवा छातीची हालचाल मोबाइलवर अर्धा मिनिट टिपून नेली, तर अधिकच चांगले. दवाखान्यात पोचेपर्यंत पुष्कळदा त्रास कमी झालेला असतो आणि मग डॉक्टरांना तो पाहायला मिळत नाही.

आता पुन्हा त्या संध्याकाळकडे वळू. नात झोपली आहे. आपण चश्मा लावला, दिवा लावला, झबले वर सरकवले आणि पूर्ण एक मिनिट मोजले. मग पाणी पाजून पाहिले. या वेळी मुलगा विचारतो, “आई, नेमके काय होते आहे तिला?” आणि आपण सांगतो, “झोपेत मिनिटाला शेहेचाळीस श्वास आहेत. ताप नाही. छाती आत जात नाही, पाणी प्यायली. पण या वयाला चाळीसच्या आत हवेत. आजच दाखवायला हवे. तू थेट दवाखान्यात ये, मी तिला घेऊन निघते.”

मुलगा यावर वाद घालणार नाही. आणि सकाळची वाट पाहण्यात जाणारी ती रात्र आपल्या नातीच्या पदरी उपचारासाठी पडेल.